पोरगी घोड्यालाही 'भूभू' म्हणाली आणि बापाने ते तारखेसकट लिहून ठेवलं : जीन पियाजेची गोष्ट

डी.एड., बी.एड. केलेल्या किंवा टीईटीच्या तयारीला बसलेल्या कुणालाही जीन पियाजे हे नाव विचारून बघा. बालविकासाच्या चार अवस्था, त्यांचे वयोगट, सगळं तोंडपाठ असतं. परीक्षा झाली की नाव मागे पडतं. मूळ फ्रेंच उच्चार 'झाँ'च्या जवळचा आहे, पण आपल्याकडच्या गाइडांमध्ये जीन छापलंय, म्हणून आपणही जीनच म्हणू.

या माणसाची खरी गोष्ट मात्र गाइडात सापडत नाही. ती सापडते वर्ष-सव्वा वर्षाचं पोर असलेल्या घरात. आजी खिडकीतून कुत्रा दाखवते आणि भूभू म्हणते. पोर भूभू शिकतं. मग एक दिवस दारावरून म्हैस जाते, पोर बोट दाखवून भूभू म्हणतं. मग शेळीला भूभू. मग दूधवाल्या काकांनाही भूभू. घर हसतं, कुणीतरी मोबाईल काढून व्हिडिओ स्टेटसला टाकतं आणि विषय संपतो.

साधारण शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका घरात असंच झालं होतं. तिथे विषय संपला नाही. त्या पोरीचा बाप वही घेऊन बसला. तिने कोणत्या दिवशी, कुठे उभी राहून, कशाकडे बघून तो शब्द वापरला, हे सगळं त्याने टिपून ठेवलं. कारण त्याला एक प्रश्न पडला होता. या जगात एकासारखा दुसरा कुत्रा नसतो. एक ढांगभर उंच, एक मांडीवर मावणारा. एक काळा, एक पांढरा. एक धावतोय, एक झोपलाय. तरीही काही महिन्यांतच पोराला कळतं की हे सगळे कुत्रे आणि ती मात्र मांजर. हे ढीग कोण लावून देतं? आई-बाप तर फक्त नावं सांगतात.

हा प्रश्न पियाजेंनाच का पडला, हे समजायला त्यांच्या लहानपणात जावं लागतं. तिथे लेबलं आहेत, बरण्या आहेत आणि भरपूर गोगलगाई आहेत.

जीनचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ चा, स्वित्झर्लंडच्या न्यूशाटेल गावातला. गाव मोठ्या तळ्याच्या काठावर. वडील आर्थर मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक, जुनी कागदपत्रं तपासण्यात आयुष्य घालवलेले. आई रेबेका हुशार आणि मायाळू, पण तिचं मन सतत अस्वस्थ असे आणि त्यामुळे घरातलं वातावरणही. पुढे पियाजेंनी स्वतःच लिहिलंय की या ताणामुळे ते खेळ आणि कल्पनेच्या जगातून लवकर बाहेर पडले आणि वडिलांसारख्या शिस्तीच्या कामात लपून बसायला शिकले.

लपायला जागा सापडली ती गावातल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात.

झालं असं की १९०७ मध्ये जीनला बागेत एक पांढरी चिमणी दिसली. म्हणजे अंगात रंगद्रव्य कमी असलेली. त्याने त्यावर एक पानभर टिपण लिहिलं आणि निसर्गावरच्या एका स्थानिक मासिकाला पाठवून दिलं. ते छापून आलं! वय वर्षं अवघी दहा, अकरावं लागायला आलेलं. या बळावर त्याने संग्रहालयाचे प्रमुख पॉल गोदे यांना पत्र लिहिलं की बंद व्हायच्या वेळेनंतर मला तुमचा संग्रह बघू द्याल का. गोदे होते शंख-शिंपल्यांचे, म्हणजे मृदुकाय प्राण्यांचे जाणकार. त्यांनी पोराला बोलावून घेतलं. आठवड्यातून दोनदा जीन तिथे जायचा आणि शंखांवर लेबलं चिकटवायला मदत करायचा. मजुरी म्हणून गोदे त्याला एखादा दुर्मीळ शंख द्यायचे.

लेबल चिकटवणं हे ऐकायला कारकुनी काम वाटतं. पण विचार करा. हातात एक शंख आहे. तो या डब्यात घालायचा की त्या? थोडा बुटका आहे, म्हणजे वेगळा प्रकार झाला का? की त्याच प्रकारातला एक बुटका? दहा-बारा वर्षांच्या मुलाने हे हजारो वेळा केलं.

१९११ मध्ये गोदे वारले. तोवर जीन या विषयात इतका तयार झाला होता की त्याने स्वतः लेख छापायला सुरुवात केली. परदेशातले अभ्यासक त्याला भेटायला उत्सुक असत आणि हा टाळत असे, कारण समोर शाळकरी पोर बघून ते काय म्हणतील! जिनेव्हाच्या संग्रहालयातून तर शंखांच्या विभागाचा सांभाळ करायची नोकरी देऊ केली गेली. शाळा संपायला अजून वेळ आहे, असं कळवून त्याला ती नाकारावी लागली.

याच काळात एका पोलिश संशोधकाशी त्याचा छापील वाद झाला आणि वाद होता वर्गीकरणाचाच. तळ्यांत राहणारी लिम्निया नावाची एक गोगलगाय असते. शांत पाण्यात तिचा शंख लांबट असतो आणि मोठ्या तळ्यात, जिथे लाटा आपटतात, तिथे तो आखूड आणि फुगीर होतो. मग हे दोन प्रकार मानायचे की एकच प्रकार आणि पाण्यामुळे झालेला फरक? पियाजेंनी हा किडा पुढे बरीच वर्षं डोक्यात ठेवला. आखूड शंखाच्या गोगलगाई शांत पाण्यात नेऊन वाढवल्या, तर पुढच्या पिढ्यांतही शंख आखूडच राहिला. ते काम १९२९ मध्ये छापून आलं, तेव्हा ते पाच वर्षांच्या आतल्या दोन मुलींचे बाप होते.

मृदुकाय प्राण्यांवरच १९१८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. वय बावीस. आता गडी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांना प्राण्यांपेक्षा मोठा प्रश्न छळत होता. माणसाला जे कळतं, ते कळतं कसं? तत्त्वज्ञ यावर शतकानुशतकं बोलत आलेत, पण खुर्चीत बसून. शंख तपासतात तसं कुणी ज्ञान तपासून बघितलंय का?

झुरिकमध्ये काही महिने मनोरुग्णांच्या दवाखान्यात काढून १९१९ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ या जोडीने १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली होती. आज आपण आयक्यू म्हणतो त्याची ही सुरुवात. बिने हयात नव्हते. सिमाँनी या तरुणाला काम दिलं : इंग्रज मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांचे तर्काचे प्रश्न पॅरिसच्या शाळकरी मुलांना विचार आणि कोणत्या वयाची किती मुलं बरोबर उत्तर देतात ते मोज.

कंटाळवाणं काम. पियाजेंनाही सुरुवातीला ते तसंच वाटलं.

पण मोजता मोजता त्यांचं लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेलं. त्या चाचणीत चूक म्हणजे शून्य, पुढचा प्रश्न. पियाजेंच्या लक्षात आलं की एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकतायत. मग त्यांनी नियम सोडून मुलांशी गप्पा मारायला सुरुवात केली. हे उत्तर का दिलंस? मग असं असतं तर? सगळ्यात जास्त गोंधळ उडायचा तो भाग आणि पूर्ण यांच्या प्रश्नांत. म्हणजे एखाद्या मुलाने सांगितलं की माझ्याकडच्या फुलांतली काही पिवळी आहेत, तर त्याच्याकडे एकूण कोणती फुलं असतील? एक लहान गट मोठ्या गटाच्या पोटात असतो, ही गोष्ट चांगली धडधाकट, हुशार मुलंही अकरा-बारा वर्षांपर्यंत चुकवत होती.

शंखवाल्या पोराला आपलं दुकान सापडलं होतं. डबे लावायचं काम तो आयुष्यभर करत आला होता. डब्यात डबा असतो, हे मुलांना जन्मतः कळत नाही, याचा पुरावा आता त्याच्यासमोर होता.

१९२१ मध्ये एदुआर क्लापारेद यांनी त्यांना जिनेव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये बोलावून घेतलं. तिथेच शिकणाऱ्या व्हॅलेंतिन शातने यांच्याशी १९२३ मध्ये लग्न झालं. १९२५ मध्ये जॅकलिन, १९२७ मध्ये ल्युसिएन आणि १९३१ मध्ये लोराँ. व्हॅलेंतिन स्वतः याच विषयात शिकलेल्या, त्यामुळे मुलांच्या निरीक्षणात त्यांचा बरोबरीचा हात होता. त्यातून निघालेल्या पुस्तकांवर नाव मात्र नवऱ्याचं एकट्याचं आहे. हे इथे नोंदवून पुढे जाऊ.

आता मूळ मुद्द्याकडे.

१९२६ ची सुरुवात. जॅकलिन जेमतेम पावणेचौदा महिन्यांची. कुत्र्याच्या भुंकण्यावरून आलेला एक शब्द ती शिकली. आपण त्याला भूभूच म्हणू. घरमालकाचा कुत्रा खाली बागेत असतो, ती गॅलरीतून बोट दाखवून बरोबर भूभू म्हणते. छान. त्याच दिवशी काही तासांनी ती सतरंजीवरच्या नक्षीकडे बोट दाखवते, एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या तीन उभ्या रेघा. भूभू! (रेखाटलेल्या चार पायांसारखी ती नक्षी तिला दिसली असेल, असं आपल्याला वाटून जातं.) दोनच दिवसांनी रस्त्यावर घोडा. ती बराच वेळ निरखते आणि शेवटी भूभू म्हणते. मग बाबागाडी ढकलत जाणारी बाई. मग कोंबड्या. मग सायकलवाले. पुढच्या आठवड्यात गॅलरीतून जे दिसेल ते भूभू : जनावरं, मोटारी, खुद्द घरमालक आणि येणारीजाणारी माणसं. पुढे घरापासून लांब, रेल्वे स्टेशनवर हमालांच्या ढकलगाड्याही भूभू. आणि मग वर्ष आणि चार महिने झाल्यावर हा शब्द एकदाचा कुत्र्यांपाशी येऊन थांबला.

ही नोंद वाचताना मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यातली गॅलरी. पोरीने सुरुवात कुत्र्यापासून केली खरी, पण तिचा गट कुत्र्यासारखी दिसणारी जनावरं असा नव्हताच. मी गॅलरीत उभी आहे आणि खाली काहीतरी हलतंय, हा सगळा प्रसंगच त्या शब्दात शिरला होता. पियाजेंचं म्हणणं हेच की मुलाचे पहिले गट वस्तूंचे नसतात. ते आपल्या स्वतःच्या अनुभवाचे आणि कृतीचे असतात. मोठ्यांना दिसणारा कुत्रा त्यातून हळूहळू सोलून निघतो.

याच्याही आधीची, बोलता येत नसल्याच्या वयातली नोंद आहे ती धाकट्या ल्युसिएनची. १९२७ चं अखेर, पोरगी साडेसहा महिन्यांची. तिच्या पाळण्यावर कधीकधी सेल्युलॉइडचे दोन पोपट टांगलेले असत आणि पाय झाडले की ते हलत. एकदा तेच पोपट तिला लांब, झुंबराला अडकवलेले दिसले. तिथे पाय पोचणं शक्यच नाही. तरी तिने एकदा थोडेसे पाय हलवले आणि थांबली. हलवायचा प्रयत्न नव्हता तो. बघितल्याची पावती होती. पाय झाडायची वस्तू, असा एक डबा तिच्या अंगात तयार झाला होता आणि पोपट त्यात गेले. पियाजेंच्या लेखी विचाराची सुरुवात ही अशी, हातापायांतून होते. चोखायच्या वस्तू, हलवायच्या वस्तू, आपटायच्या वस्तू. आठ महिन्यांचं पोर चमचा, किल्ली, रिमोट सगळं आधी तोंडात घालतं, तेव्हा ते त्याच्या परीने वर्गीकरणच करत असतं.

आणि मग जॅकलिनने बापाची विकेट घेतली, तीही त्याच्याच घरच्या मैदानावर.

१९२७ चा उन्हाळा, ती अडीच वर्षं ओलांडलेली. रोज सकाळी ते एका वाटेने फिरायला जात आणि वाटेत बिनशंखाच्या गोगलगाई दिसत. त्या दिवशी एक दिसली, जॅकलिनने नाव घेतलं. दहाएक पावलांवर दुसरी दिसली, तर तिच्या मते तीच गोगलगाय परत आली होती. वडिलांनी तिला मागे नेऊन पहिली दाखवली. ही तीच का? हो. मग ही दुसरी का? त्यालाही हो. तीच की दुसरी, हा प्रश्नच तिच्या डोक्यात बसत नव्हता. तिच्यासाठी ती एक गोगलगाय नव्हती आणि गोगलगाई नावाची जातही नव्हती. दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं, जे वाटेवर इथे-तिथे उगवत राहतं. ज्या माणसाने हाच वाद, वेगळी की तीच, आयुष्यभर गोगलगाईंवर घातला, त्याच्यापुढे स्वतःच्या लेकीने तो प्रश्न निकालात काढला!

या सगळ्यावरून १९३६ ते १९४५ या काळात तीन जाडजूड पुस्तकं आली. त्यांतला सगळ्यात गाजलेला दावा बाळांबद्दलचा आहे. जॅकलिन जवळपास आठ महिन्यांची असताना तिचं सेल्युलॉइडचं बदक चादरीच्या घडीमागे घसरलं. अगदी हाताशी. तिने ते घसरताना बघितलं. पण दिसेनासं झाल्यावर शोधायला हातच पुढे केला नाही. यावरून पियाजेंनी ठरवलं की या वयात नजरेआड झालेली वस्तू बाळासाठी उरतच नाही. ज्याला वस्तू टिकून राहते हेच कळत नाही, त्याच्याकडे वस्तूंचे गट कुठून येणार? खऱ्या अर्थाने गट, म्हणजे डब्यात डबा कळणं, त्यांच्या मते सात-आठ वर्षांचं काम.

हा दुसरा टप्पा त्यांनी बार्बेल इन्हेल्डर आणि आलिना शेमिन्स्का या सहकाऱ्यांबरोबर तपासला. प्रयोग इतका साधा आहे की तुम्ही आज रात्री जेवणानंतर करू शकता. मूळ प्रयोगात लाकडी मणी होते, बहुतेक तपकिरी आणि फक्त दोन पांढरे. मुलाला आधी विचारायचं, सगळे मणी लाकडाचेच आहेत ना? मूल हो म्हणतं. मग विचारायचं, तपकिरी मणी जास्त आहेत की लाकडी मणी जास्त? पाच-सहा वर्षांचं मूल ठामपणे सांगतं, तपकिरी जास्त. कारण तपकिरी वेगळे काढले की त्याच्या मनात पूर्ण गट उरतच नाही, उरतात ते दोन पांढरे. मुलाला मोजता येत नाही असं नाही. एकाच मण्याला एकाच वेळी दोन डब्यांत ठेवणं त्याला जमत नाही. त्याहून लहान मुलांना चौकोन, गोल, त्रिकोण देऊन सारखे ते सारखे एकत्र ठेवायला सांगितलं, तर ती सुरुवात बरोबर करायची आणि मध्येच त्याचं घर किंवा आगगाडी व्हायची. इन्हेल्डर आणि पियाजे यांचं वर्गीकरणावरचं पुस्तक १९५९ मध्ये आलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आजही खरं मानतात का?

काही मानतात, काही नाही. आणि जे मानत नाहीत त्यांनी पियाजेंची चूक जिथे पकडली, ती जागा मजेची आहे. पियाजे बाळाच्या हातांवर विसंबून राहिले. बाळाने कापड उचललं नाही म्हणजे बाळाला कळलं नाही. पण कापड उचलायला हात, डोळे आणि बेत हे सगळं एका वेळी जमावं लागतं. नुसत्या डोळ्यांना विचारलं तर? बाळाला तेच ते बघून कंटाळा येतो आणि नवीन दिसलं की ते जास्त वेळ बघतं. अमेरिकेत रॉबर्ट फँट्झ यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत या बघण्याच्या वेळेवर पद्धत उभी केली. १९८५ मध्ये रेने बायार्जों आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक फळी मागे लपलेल्या ठोकळ्याच्या आरपार गेल्यासारखी पडली, तर ती बाळं टक लावून बघत राहतात. म्हणजे ठोकळा दिसत नसला तरी तो तिथे आहे, याचा काही ना काही हिशोब डोक्यात असतो.

मग गटांचं काय? १९९३ मध्ये पॉल क्विन आणि पीटर आयमस यांनी सहकाऱ्यांसोबत तीन-चार महिन्यांच्या बाळांना मांजरांची चित्रं दाखवली, दर वेळी वेगवेगळी मांजरं. मग एक नवीन मांजर आणि एक कुत्रा शेजारी शेजारी. बाळांनी कुत्र्याकडे जास्त वेळ बघितलं. म्हणजे मांजर आजवर न बघितलेलं असूनही जुन्याच डब्यात गेलं आणि कुत्रा बाहेर राहिला. तीन महिन्यांत! पण उलटं करून बघितलं तेव्हा गंमत झाली. आधी कुत्रे दाखवले, मग मांजर. आता बाळांना मांजर फारसं नवीन वाटेना. कारण कुत्रे एकमेकांपासून इतके वेगळे दिसतात की त्यांचा डबा सैल होतो आणि त्या सैल डब्यात मांजरही बसून जातं. मांजरांचा डबा घट्ट असतो, त्यात कुत्रा मावत नाही. जॅकलिनचा भूभू सगळीकडे का पसरला, याचं थोडं उत्तर इथेही असावं असं मला वाटतं.

यावर पियाजेंच्या बाजूचे लोक म्हणतात, डोळ्यांना सारखं दिसणं वेगळं आणि ही वस्तू काय आहे हे कळणं वेगळं. हा वाद मिटलेला नाही. जीन मँडलर आणि लॅरेन मॅकडोना यांनी १९९६ मध्ये चौदा महिन्यांच्या मुलांना खेळण्यातल्या प्राण्याला पाणी पाजून दाखवलं. मुलांनी ते दुसऱ्या प्राण्यांना पाजलं, अनोळखी प्राण्यांनाही, पण गाड्यांना पाजलं नाही. जॅकलिन कुत्र्याचा शब्द मोटारीला लावत होती तेही जवळपास याच वयात. तोंडावर शब्द एक आणि हाताला कळतंय दुसरं, असं दोन्ही एकाच पोरात नांदू शकतं.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आज्यांसाठी एक बातमी. २०१० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात तीन-चार महिन्यांच्या बाळांना वेगवेगळ्या डायनोसॉरची चित्रं दाखवली. काहींना चित्राबरोबर माणसाच्या आवाजात नाव ऐकवलं, काहींना नुसता सूर. नाव ऐकलेल्या बाळांनी डायनोसॉरचा गट केला, सूर ऐकलेल्यांनी नाही. एकही शब्द कळत नसलेल्या वयात! बघ काऊ, बघ चिऊ, ही जी अखंड धावती कॉमेंट्री आपल्या घरांत चालते, ती वाया जात नाही.

पियाजेंवरचा आणखी एक आक्षेप साधा आहे. तीन मुलं, तीही स्वतःची, तीही प्राध्यापकाच्या घरातली, यावरून साऱ्या जगाच्या बाळांचे नियम? हा आक्षेप बरोबरच आहे. वयाचे आकडे त्यांनी जसे दिले तसे आज कुणी दगडावरची रेघ मानू नयेत. पण नोंदी इतक्या बारीक आहेत की निष्कर्ष मोडले तरी त्या मोडत नाहीत. नवा सिद्धांत मांडणारा आजही तिथेच येऊन सांगतो की मग ही सतरंजी, हे पोपट, हे बदक यांचा अर्थ असा लागतो.

बाकी आयुष्य मानसन्मानाचं गेलं, त्यात फार अडकायला नको. १९२९ पासून जवळपास चार दशकं ते जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण ब्युरोचे संचालक होते. १९५२ ते १९६३ पॅरिसच्या सोरबोनमध्ये शिकवलं. १९५५ मध्ये ज्ञान कसं घडतं यावर जिनेव्हात स्वतंत्र केंद्र काढलं, जिथे गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसत. बाळांवरची पुस्तकं १९५० च्या दशकात इंग्रजीत आली आणि १९६० च्या दशकात अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतलं. तिथून पुढे ज्ञानरचनावाद हा शब्द जगभर फिरला आणि फिरत फिरत आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पोचला. मूल स्वतः ज्ञान रचतं, मास्तर ते ओतत नाहीत, या म्हणण्यामागचा मोठा आधार हाच माणूस.

अमेरिकेत भाषणाला गेले की एक प्रश्न ठरलेला असे : मुलांना या अवस्थांतून लवकर पुढे कसं ढकलता येईल? पियाजेंनी याला अमेरिकनांचा प्रश्न असं नावच ठेवून दिलं होतं. लवकर नेऊन मिळवायचं काय, हे त्यांना कळत नसे. आठ महिन्यांच्या बाळापुढे फ्लॅशकार्ड धरणाऱ्या आणि शेजारच्या पोराला रंग ओळखता येतात म्हणून रात्री झोप उडालेल्या आई-बापांची संख्या बघता तो प्रश्न आता एकट्या अमेरिकेचा राहिलेला नाही. त्यांची एवढी वर्षांची निरीक्षणं उलट दिशेची होती. जॅकलिनच्या भूभूला ताळ्यावर आणायला अडीच-तीन महिने लागले आणि ते तिचं तिने केलं.

उन्हाळा आला की पियाजे आल्प्समध्ये जाऊन बसत आणि लिहीत. डोक्यावर बेरेट टोपी, तोंडात पाइप, जिनेव्हात फिरायला सायकल. उतारवयात पुन्हा मूळ स्वभाव वर आला. गोगलगाईंच्या जोडीला आता सेडम नावाची जाड पानांची झुडपं आली होती. एका ठिकाणची रोपं दुसरीकडे लावायची आणि हवा बदलली की पानं, फांद्या कशा बदलतात ते बघायचं. वेगळा प्रकार, की त्याचंच वेगळं रूप? १९६६ मध्ये, सत्तरी गाठताना, त्यावरही त्यांनी संशोधन छापलं.

१६ सप्टेंबर १९८० रोजी जिनेव्हात त्यांचं निधन झालं. वय चौऱ्याऐंशी. तेव्हा ती गॅलरीतली जॅकलिन पंचावन्न वर्षांची होती.